डॉक्टरताईंना विचारा: पोटातलं, ओटीतलं आणि कुणाला न विचारता आलेलं

मागच्या अंकात आम्ही कळवलं होतं की यावेळचं पान जननसंस्थेसाठी, म्हणजे बाईची पिशवी, अंडाशय, पाळी, पुरुषाचे वृषण, वीर्य, सगळं, आणि नाव कुणाचंच छापणार नाही. नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंत एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की सगळे घेणं शक्यच नाही. वाचताना एक गोष्ट फार लागली मनाला. निम्म्या पत्रांत आजार नव्हताच, कुठला अवयव कुठे असतो आणि तो काय काम करतो हे त्या माणसाला आयुष्यात कुणी सांगितलेलंच नव्हतं, आणि त्यापायी वर्षानुवर्षं जीव टांगणीला. म्हणून यावेळी उत्तरं जरा सविस्तर देतेय.

प्रश्न: ताई नमस्कार, माझं वय २४, चोपडा तालुक्यात राहते. दोन मुली आहेत, मोठी चार वर्षांची, धाकटी दीडची. सासूबाई म्हणतात तिसरा चान्स घ्या पण यावेळी आंडोरच पाहिजे, आणि त्यासाठी दुसऱ्या महिन्यात एका बाबाचं औषध दुधातून घ्यायचं, शेजारच्या गावात एकीला त्यानेच मुलगा झाला म्हणे. नवरा काहीच बोलत नाही. माझ्याच पोटात काही दोष आहे का, की मुलीच होतात?

उत्तर: नाही गं ताई, तुझ्या पोटात काहीही दोष नाही, हे पहिलं वाक्य दोनदा वाच.

आता नीट समजून घे. बाईच्या अंडाशयातून जे बीज बाहेर पडतं त्यात एक्स हे एकच लिंगगुणसूत्र असतं, दुसरं काही असतच नाही, त्यामुळे तुझ्याकडून बाळाला जाणार ते एक्सच. पुरुषाच्या शुक्राणूंत मात्र साधारण अर्धे एक्स घेऊन येतात आणि अर्धे वाय. एक्सवाला आधी पोचला तर मुलगी, वायवाला पोचला तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स नावाच्या अमेरिकेतल्या संशोधक बाईंनी १९०५ मध्येच पिठातल्या किड्यांचा अभ्यास करून नराकडून येणारं गुणसूत्रच लिंग ठरवतं हे दाखवून दिलं होतं, आणि सव्वाशे वर्षं होत आली तरी आपल्याकडे बोलणी सुनेलाच. आता म्हणून नवऱ्याला धारेवर धरायचं असंही नाही, कारण कोणता शुक्राणू आधी पोचणार हे त्याच्याही हातात नसतं.

दुसऱ्या महिन्यातल्या औषधाबद्दल तर मला कळकळीने सांगायचंय. बीज आणि शुक्राणू एकत्र येतात ते पिशवीत नाही, पिशवीच्या दोन्ही बाजूंना साधारण दहा सेंटीमीटर लांबीच्या गर्भनलिका असतात त्यातल्या एकीत, आणि त्याच क्षणी मुलगा की मुलगी हे ठरून जातं. तुझी पाळी चुकेपर्यंत ती गोष्ट कधीच होऊन गेलेली असते. मग पहिले काही आठवडे गर्भ दिसायला सारखाच असतो, दोन्ही प्रकारच्या नळ्यांच्या जोड्या प्रत्येक गर्भात असतात, एका जोडीपासून पिशवी आणि गर्भनलिका होऊ शकतात आणि दुसरीपासून शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळ्या. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचं एक जनुक असतं, १९९० मध्ये सापडलं ते, ते असलं की सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमाराला कोवळ्या ग्रंथीचे वृषण बनायला लागतात, मग वृषणातून निघणाऱ्या एका हार्मोनने पिशवीवाली जोडी विरून जाते आणि टेस्टोस्टेरॉनने दुसरी टिकते. वायच नसेल तर अंडाशय, पिशवी, सगळं मुलीचं तयार होतं. दुधातून प्यायलेल्या पावडरीने गर्भात वाय गुणसूत्र कुठून येणार, सांग बरं?

उलट हेच आठवडे बाळाचं हृदय, मेंदू, हातपाय घडण्याचे, आणि त्या पुडीत काय घातलंय हे देणाराही सांगत नाही, हार्मोन असतील, एखादा जड धातू असेल, त्याने बाळाला व्यंग येऊ शकतं. आणि शेजारच्या गावातल्या बाईला मुलगा झाला त्याचं काय? शंभर जणींना नुसतं साधं दूध दिलं तरी त्यातल्या पन्नासेक जणींना मुलगा होणारच, त्या पेढे घेऊन बाबाकडे जातात, बाकीच्या गप्प घरी बसतात, बाबाचं नाव होतं.

आपल्या जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयातल्या हजार मुलग्यांमागे साडेआठशेसुद्धा मुली नव्हत्या. गर्भलिंग तपासणीवर बंदीचा कायदा महाराष्ट्रानेच देशात सगळ्यात आधी केला, १९८८ मध्ये, केंद्राचा नंतर १९९४ मध्ये आला, तरी ही गत. त्यामुळे कुणी सोनोग्राफीत बघून देतो म्हणालं तर तो गुन्हा आहे, तिकडे जाऊच नकोस. तिसरं मूल हवं की नको हे तू आणि नवऱ्याने ठरवायचं, आणि हे पान त्याला वाचायला दे. सासूबाईंना तुमच्याच बोलीत सांग, यामा सूननी काहीच चूक नही शे.

प्रश्न: मॅम मी धुळ्याला सेकंड इयरला आहे, रूमवर राहते. मैत्रीण पाळीत पॅडऐवजी मेन्स्ट्रुअल कप वापरते. मला पण घ्यायचाय पण तो घातल्यावर लघवी कशी होणार, आणि आत वर निघून गेला तर? लग्न झालेलं नाही, आई म्हणते असलं काही करू नको.

उत्तर: लघवीची जागा वेगळी, पाळीची वेगळी. खाली तीन स्वतंत्र मार्ग असतात, पुढे लघवीचं अगदी बारीक छिद्र, त्याच्या मागे योनीमार्ग, त्याच्या मागे शौचाची जागा. कप योनीमार्गात बसतो, त्यामुळे लघवी नेहमीसारखीच होते. एक आरसा घे, दार लावून घे आणि एकदा स्वतःच बघ, यात लाजण्यासारखं काहीही नाही, तुझंच शरीर आहे. मी तर म्हणते प्रत्येक मुलीने पाळी यायच्या आधीच बघावं.

कप वर निघून जात नाही कारण योनीमार्ग साधारण सात ते दहा सेंटीमीटरचा आणि त्याच्या टोकाला पिशवीचं तोंड, त्या तोंडाचं छिद्र इतकं बारीक की पाळीचं रक्त तेवढं बाहेर येतं, कप आत जायचा प्रश्नच नाही. काढताना घाई केली की घट्ट वाटतो, मग बूड चिमटून आधी हवा सोडायची आणि मग ओढायचा. हात धुणं आणि पाळी संपल्यावर कप पाण्यात उकळणं मात्र चुकवू नकोस.

आईला जी भीती आहे ती पडद्याची. तो पडदा म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेली लवचिक घडी, मधे मोकळी जागा असतेच, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर आलं असतं कुठून? तो प्रत्येकीत वेगळा असतो, सायकल, खेळ, कप, कशानेही ताणला जाऊ शकतो आणि काहींमध्ये तर बाळंतपणापर्यंत फारसा फाटतही नाही. पडदा बघून कुणाचे संबंध झालेत की नाही हे कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये बलात्काराच्या केसमधली ती टू फिंगर टेस्ट, म्हणजे दोन बोटं आत घालून बघायची तपासणी, करायला बंदी घातली ती याचसाठी, तिला शास्त्राचा काही आधारच नाही.

प्रश्न: मी ३९ वर्षांची, शिरपूर. आमच्याकडे कानबाईचे रोट, म्हणजे देवीचा सण, असतात, सगळं कुटुंब पुण्या-सुरतेहून येतं, आणि नेमकी माझी पाळी तेव्हाच येते. दरवर्षी मेडिकलवरून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणते. यंदा बीपी निघालंय. गोळ्या चालतील का?

उत्तर: यंदा स्वतःच्या मनाने घेऊ नका, आधी डॉक्टरांना बीपी दाखवा.

गोळी काय करते ते सांगते म्हणजे पटेल. दर महिन्याला अंडाशयातून बीज सुटलं की जिथून सुटलं तिथे एक पिवळसर ग्रंथी तयार होते, ती प्रोजेस्टेरॉन सोडते आणि पिशवीचं आतलं अस्तर धरून ठेवते. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांनी ती ग्रंथी सुकते, प्रोजेस्टेरॉन खाली येतं, अस्तराच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि अस्तर गळून पडतं, तीच पाळी. त्याच वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सुटतं, त्याने पिशवी आकुंचन पावते आणि ओटीपोट, कंबर दुखते. तुमची गोळी म्हणजे बाहेरून दिलेलं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध, ती चालू आहे तोवर अस्तर धरून राहतं, बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते.

एखाद्या वेळी, तपासून, निरोगी बाईला दिली तर सहसा त्रास होत नाही. पण या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्याने रक्ताची गाठ व्हायचा धोका वाढू शकतो, आणि वय, बीपी, वजन, घरात कुणाला लकवा किंवा पायात गाठ झालेली, डोळ्यांपुढे चमकून होणारी अर्धशिशी, यातलं काही असेल तर हिशेबच वेगळा. गोळ्या चालू असताना एकच पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा छातीत दुखून दम लागला तर रोट बाजूला ठेवा आणि आधी दवाखान्यात जा.

आणि एक मनातलं सांगू का. पाळीत जातं ते रक्त तुमच्या हाताला सुई टोचल्यावर येतं तेच, त्यात अस्तराचे तुकडे आणि थोडा चिकट स्राव एवढंच जास्तीचं, सगळं मिळून सरासरी तीस ते चाळीस मिली. ते घाण नाही, विटाळ नाही, त्याच अस्तरावर आपण सगळे नऊ महिने वाढलोय. कानबाई आपली मायच आहे, श्रावणात घरी येते ती लेकीबाळींना भेटायला, तिला तुमच्या पाळीचा राग येईल असं मला तरी कधी वाटलं नाही. घरातल्या मोठ्या बायकांशी एकदा बोलून बघा, कदाचित त्यापण इतकी वर्षं गोळ्याच खात आल्या असतील.

प्रश्न: मॅडम मी १९ वर्षाचा आहे, भुसावळ. झोपेत धातू जातो, आठवड्यातून एकदा दोनदा. हातानेपण करतो. आता खूप अशक्तपणा वाटतो, अभ्यासात लक्ष नाही. एक गोटी पण खाली लोंबते डावीकडची. स्टँडजवळ एका ठिकाणी दाखवलं त्यांनी आठ हजाराचा कोर्स सांगितला. घरी सांगू शकत नाही.

उत्तर: तो कोर्स घेऊ नकोस, पैसे दिले असशील तर पुढचे देऊ नकोस. तुला आजार नाही.

वीर्य म्हणजे काय ते एकदा ऐक. वृषणात अतिशय बारीक गुंडाळलेल्या नळ्या असतात, वयात आल्यापासून तिथे रात्रंदिवस शुक्राणू तयार होत असतात, एक शुक्राणू पूर्ण घडायला साधारण अडीच महिने लागतात पण रोज कोट्यवधी तयार होतात. तिथून ते वृषणाच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या एका नळीत जातात, ती सरळ केली तर जवळजवळ सहा मीटर भरेल इतकी वेटोळी, तिथे ते पोहायला शिकतात, मग पुढच्या लांब नळीतून वर पोटात. बाहेर पडताना जे दोन ते पाच मिली निघतं त्यात शुक्राणू अगदी थोडे, शंभरात पाच भागही नाहीत. बाकी सगळं पाणी, थोडी साखर, प्रथिनं, क्षार, त्यातला दोनतृतीयांशाच्या आसपास भाग मूत्राशयाच्या मागच्या दोन पिशव्यांतून येतो आणि बराचसा उरलेला प्रोस्टेट ग्रंथीतून. ते शंभर थेंब रक्ताचा एक थेंब धातू वगैरे सगळं खोटं आहे रे बाळा, वीर्य रक्त आटवून होत नाही आणि ते गेल्याने हाडं पोकळ होत नाहीत. साठलेलं झोपेत बाहेर येणं हे तुझ्या वयात होतंच, हाताने केल्यानेही काही झिजत नाही. अशक्तपणा येतोय तो काळजीने, जागरणाने आणि नीट न जेवल्याने, हिमोग्लोबिन मात्र एकदा तपासून घे.

डावी गोटी बहुतेकांची खालीच असते. वृषण पोटाबाहेर लोंबतात तेच मुळी गारव्यासाठी, शुक्राणू तयार व्हायला शरीराच्या तापमानापेक्षा दोन-तीन डिग्री कमी लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की वृषणाच्या पिशवीची कातडी सैल पडून ती आणखी खाली येते, थंडीत आक्रसून वर जाते, शरीर स्वतःच सांभाळून घेतं. डावीकडे पिशवीत शिरांचं गाठोडं हाताला लागत असेल किंवा जड वाटत असेल तर सिव्हिलला सर्जनना दाखव, तिकडची शीर किडनीच्या शिरेला काटकोनात मिळते म्हणून तिथे रक्त तुंबायची शक्यता जास्त. न दुखणारी कडक गाठ लागली तरी दाखव. आणि हे लक्षात ठेव, एखाद्या वृषणात अचानक जोरात कळ आली, उलटी झाली, तर लाज धरून सकाळपर्यंत थांबायचं नाही, वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तरच तो वाचायची चांगली शक्यता असते.

प्रश्न: लग्नाला दीड वर्ष झालं, वय २७, शहादा. माझी पाळी ३५ दिवसांनी येते, एकदम रेग्युलर. चौदाव्या दिवशी संबंध ठेवा असं वाचलं होतं, तसंच करतोय, पण राहत नाही.

उत्तर: चौदावा दिवस २८ दिवसांची पाळी असणाऱ्यांसाठी. पाळीचा मागचा भाग, म्हणजे बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा, बहुतेकींत चौदा दिवसांच्या आसपास असतो, कमी-जास्त होतो तो बीज सुटायच्या आधीचा भाग. तुमचे ३५ मधून १४ गेले म्हणजे बीज सुटतं एकविसाव्या दिवसाच्या सुमाराला. बीज सुटल्यावर बारा ते चोवीस तासच टिकतं, पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, म्हणून सोळाव्यापासून एकविसाव्यापर्यंत दिवसाआड संबंध ठेवा, एक दिवस इकडेतिकडे धरून बाविसावाही. त्या दिवसांत अंगावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं पातळ पाणी जातं, तीच खूण, तो आजार नाही.

पण दीड वर्ष झालंय ना, मग नुसते दिवस मोजत बसू नका, एक वर्ष होऊन गेलं की तपासायला हवंच. दोघांनी. तुमची सोनोग्राफी, थायरॉइड आणि नवऱ्याची वीर्यतपासणी एकाच वेळी करा, तुमच्या नळ्यांची तपासणी आधी आणि त्यांची नंतर असं करू नका, त्यांची तपासणी सगळ्यात सोपी आणि स्वस्त. दर मिलीला एक कोटी साठ लाखांच्या खाली संख्या आली तर कमी धरतात, पण एकाच रिपोर्टवर घाबरायचं नाही, काही आठवड्यांनी पुन्हा करून बघतात.

प्रश्न: रावेर तालुका, केळीची शेती, वय ३४. दोन मुलं झाली, दोन्ही सिझर. बायकोचं पुन्हा पोट फाडायला नको म्हणून मीच नसबंदी करावी म्हणतो, पण मित्र म्हणतात मग ताकद जाते, घड उचलता येणार नाहीत, आणि घरातलं सुखपण संपतं.

उत्तर: दादा, तुमच्यासारखी पत्रं मला फार कमी येतात, मनापासून बरं वाटलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं ना २०१९ ते २१ मध्ये, त्यात देशात लग्न झालेल्या शंभर बायकांतल्या जवळजवळ ३८ जणींनी ऑपरेशन केलेलं आणि पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. ऑपरेशन पुरुषाचं सोपं, भोग मात्र बायकांच्या वाट्याला.

नसबंदीत कापतात त्या फक्त शुक्राणू वर नेणाऱ्या दोन नळ्या, वृषणाच्या पिशवीच्या कातडीखाली हाताला लागतात त्या. पोट उघडायचं नाही, भूल तेवढ्या जागेपुरती. चीनमधल्या ली शुनचियांग या सर्जननी १९७४ मध्ये बिनटाक्याची पद्धत काढली, एका बारीक छिद्रातून, तीच आता आपल्या सरकारी दवाखान्यांत करतात. ताकद, दाढीमिशी, इच्छा हे सगळं ज्याने येतं ते टेस्टोस्टेरॉन त्या नळीतून जातच नाही, वृषणातल्या पेशी ते थेट रक्तात सोडतात. ठिबकच्या एका लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला म्हणून विहीर आटत नाही, तसंच. वीर्यही जवळजवळ तेवढंच पडतं कारण त्यात शुक्राणूंचा वाटा किती कमी ते भुसावळच्या मुलाच्या उत्तरात वाचलंच असेल. शुक्राणू तयार होतच राहतात, शरीर ते विरघळवून टाकतं.

दोन दिवस आराम, घड उचलायचं काम आठवडाभर नको. आणि ऑपरेशन झालं म्हणजे त्याच दिवसापासून मोकळे असं नाही, पुढच्या नळीत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग तपासणीत शून्य आले की सोडायचा. हे न सांगितल्यामुळे कितीतरी घरांत दिवस गेले आणि बायकोवर संशय घेतला गेला, म्हणून मी मुद्दाम लिहितेय. एकच विचार पक्का करा, पुन्हा मूल नको हे दोघांचंही नक्की आहे ना, कारण नळ्या परत जोडता येतात पण यश येईलच याची खात्री नाही.

प्रश्न: माझं वय ५४, अमळनेर. पाळी जाऊन चार वर्षं झाली. मागच्या महिन्यापासून अधूनमधून थोडं लाल दिसतं. शेजारणी म्हणतात उष्णतेने होतं, काहीजणी म्हणतात परत पाळी सुरू झाली, चांगलंय.

उत्तर: मावशी, ही पाळी नाही, उष्णताही नाही. पाळी पूर्ण वर्षभर बंद राहिली म्हणजे अंडाशयांचं काम थांबलं, अस्तर वाढवणारं हार्मोन जवळजवळ उरलेलं नाही, मग रक्त यायला कारणच नको. आलं तर ते एक थेंब असो की जास्त, दुखत असो की नसो, तपासायचंच. बहुतेकवेळा योनीची किंवा अस्तराची कातडी पातळ, कोरडी झालेली निघते आणि साध्या औषधाने भागतं, कधी छोटा कोंब निघतो, पण काहीजणींत पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असतो आणि तो अशा थोड्याशा लाल डागानेच पहिल्यांदा कळवतो. लवकर सापडला तर बरा होतो. आतून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघतात, चार मिलीमीटरच्या वर निघाली किंवा रक्त पुन्हा आलं तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला घेतात, त्यासोबत पिशवीच्या तोंडाचीही तपासणी करून घ्यायची. डायबेटिस किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील, रक्त पातळ करायची गोळी असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. या आठवड्यातच जा, मुलाला सुट्टी मिळेपर्यंत थांबू नका, सुनेला किंवा शेजारणीला सोबत घ्या आणि जुने सोनोग्राफीचे कागद असतील तर हातातल्या पिशवीत टाका.